रव्याएवढ्या गोळ्यांतलं यकृत गोठवतात कसं?

'कृत्रिम यकृत' म्हटलं की डोळ्यांसमोर प्लास्टिकचा तपकिरी अवयव येतो. जैवकृत्रिम यकृताचं रूप वेगळं असतं. ते रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवायचं यंत्र असतं आणि त्याच्या पात्रात यकृताच्या जिवंत पेशी असतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी या पेशी अल्जिनेटच्या गोळ्यांत कोंडल्या. अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळातून काढतात. पेशी मिसळलेलं त्याचं द्रावण थेंबाथेंबानं कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडलं, की प्रत्येक थेंब जेलीसारखा घट्ट होतो. एकेक गोळी साधारण अर्ध्या मिलिमीटरची, रव्याच्या कणाएवढी. यंत्राला अशा गोळ्या लागतात दोनेक लिटर.

यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाच्या हाताशी कधी कधी दोन-चार दिवसच असतात. एवढ्या पेशी वाढवायला त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून त्या आधीच वाढवून, गोठवून ठेवायच्या. पण 'गोठवणं' हा शब्द आला की आपल्याला घरचा फ्रीज आठवतो, आणि तिथून गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : पेशी थंडीनं मरतात.

पेशी मारतो तो बर्फ, आणि तोही बहुतेक वेळा बाहेरूनच. द्रावण हळूहळू थंड केलं की आधी पेशीबाहेरचं पाणी गोठतं. बर्फ क्षारांना आत घेत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मीठ लावलेल्या काकडीसारखी पेशी आक्रसते. फार घाई केली तर पाण्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि बर्फ पेशीच्या आतच होतो. तो सहसा जीवघेणा ठरतो. म्हणजे संथपणाही मारतो आणि घाईही. संशोधक पीटर मेझर यांनी 1972 मध्ये हे दुहेरी नुकसान स्पष्ट मांडलं. यकृताच्या पेशींना मधली वाट म्हणजे मिनिटाला साधारण एक अंश किंवा त्याहूनही कमी.

सोबत संरक्षक द्रव लागतो. ग्लिसरॉलचा पेशी वाचवण्याचा गुण 1949 मध्ये लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आला, तोही बाटल्यांच्या लेबलांच्या घोळामुळे. आज जास्त वापरात असलेलं डीएमएसओ 1959 मध्ये पुढे आणलं जेम्स लव्हलॉक यांनी.

गैरसमज : गोळीचं कवच पेशींना गोठण्यापासून वाचवतं.

कवच वाचवतं ते प्रवाहाच्या घुसळणीपासून. त्यातून पाणी, क्षार, प्राणवायू, डीएमएसओ सगळं आरपार जातं, आणि गारठाही. उलट गोळीमुळे एक काम वाढतं : संरक्षक द्रव गाभ्यातल्या पेशींपर्यंत झिरपायला वेळ द्यावा लागतो, आणि डीएमएसओ उबेत पेशींना बाधतं, म्हणून तो वेळ फार लांबवताही येत नाही.

गैरसमज : वीर्य गोठवता येतं, मग हेही त्याच पद्धतीनं होईल.

द्रव नत्राचा कॅन घेऊन गोठ्यात येणारा कृत्रिम रेतनवाला महाराष्ट्रातल्या गावांना नवा नाही. उरुळी कांचनला बाएफ संस्थेचं गोठवलेल्या वीर्याचं केंद्र अनेक वर्षं चालू आहे. पण वीर्य ज्या नळकांडीत भरतात, तिच्यात मावतं 0.25 मिलिलिटर. लंडनच्या गटानं 2017 मध्ये गोठवून पुन्हा वाढवल्याचं जाहीर केलेलं पेशीद्रव्य होतं 2.3 लिटर, म्हणजे नळकांडीच्या नऊ हजार पटींहून अधिक. मला हीच या विषयातली खरी गोम वाटते. नळकांडी सगळीकडून जवळजवळ एकाच वेळी गार होते. दोन लिटरच्या पात्रात कडेला बर्फ धरतो तेव्हा मध्यभाग द्रवच असतो. मग बर्फाची भिंत कडेकडून आत सरकते आणि कडेची गोळी व गाभ्यातली गोळी वेगवेगळ्या वाटेनं गोठतात.

त्यात पाणी शून्य अंशाला गोठेलच याचा भरवसा नाही. डीएमएसओ घातलेलं द्रावण उणे दहाच्याही खाली द्रव राहू शकतं आणि मग एकाएकी सगळीकडे बर्फ धरतं. ते टाळायला या गटानं द्रावणात बर्फाचं विरजण लावावं तसे कोलेस्टेरॉलचे स्फटिक घातले. त्यांच्यावर बर्फ लवकर आणि ठरल्या वेळी धरतो. बिचाऱ्या कोलेस्टेरॉलच्या नावावर एवढं तरी पुण्य जमा व्हावं!

गैरसमज : बाहेर काढल्यावर सावकाश वितळू द्यावं, धक्का बसत नाही.

वितळून पुन्हा गोठलेली कुल्फी खाऊन पाहा, दाताखाली कचकच लागते. बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्याची ती कचकच. गोठवलेल्या पेशी सावकाश वितळवल्या तर हेच घडतं. म्हणून गोठवताना संथपणा आणि वितळवताना घाई. दोन लिटरचा गोळा घाईनं आणि सारखा गरम करणं हे मात्र गोठवण्याइतकंच अवघड.

गैरसमज : घरातल्यासारखा, पण चांगला डीप फ्रीझर पुरे.

उणे 80 अंशांना पेशी तग धरतात, पण कायमच्या नाहीत. रासायनिक बदल मंद चालूच राहतात. उणे 196 अंशांच्या द्रव नत्रात ते जवळपास थांबतात.

आता सगळ्यात फसवा गैरसमज : वितळवल्यावर पेशी जिवंत दिसल्या, म्हणजे काम झालं.

वितळवल्यावर लगेच रंगद्रव्यानं तपासणी केली तर आकडा छान येतो. पण गोठण्याचा मार बसलेल्या कित्येक पेशी पुढच्या एक-दोन दिवसांत मरतात. शिवाय जिवंत पेशी यकृताची कामं करतेच असं नाही. म्हणून लंडनच्या गटानं गोळ्या वितळवून थेट यंत्रात ओतल्या नाहीत. काही दिवस पुन्हा पोसून सावरू दिल्या.

'हे अजून कल्पनेतच आहे' हेही खरं नाही आणि 'आता रुग्णालयात मिळतं' हेही नाही. गोठवलेल्या डुकराच्या यकृतपेशी वापरणाऱ्या 'हेपाटअसिस्ट' यंत्राची चाचणी 171 रुग्णांवर झाली. 2004 मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा सगळे रुग्ण मिळून पाहता जगण्याच्या प्रमाणात ठाम फरक दिसला नाही. यकृत सावरलंच नाही तर आजही भिस्त प्रत्यारोपणावरच आहे. तेव्हा 'गोठवलेलं यकृत तयार' अशी बातमी वाचनात आली, तर वितळल्यावर तिसऱ्या दिवशी त्या पेशी अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात बनणारं प्रथिन, किती बनवत होत्या, ते त्यात शोधा.