गुलाबी त्रिकोण : छळछावणीतला बिल्ला चळवळीची खूण कसा बनला?

समलैंगिकांच्या हक्कांचं चिन्ह म्हटलं की इंद्रधनुष्याचा झेंडा आठवतो. पण त्याच्या आधीपासून एक गुलाबी त्रिकोण होता. तो कुणी हौसेनं निवडला नव्हता, नाझींनी कैद्यांवर लादला होता.

चळवळ सुरू कुठे झाली?

जर्मनीत कलम १७५ नुसार पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा होते. हे कलम रद्द व्हावं म्हणून डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ मध्ये बर्लिनमध्ये समिती स्थापन केली. १९१९ मध्ये त्यांनी लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्थाही उभारली. मे १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली आणि तिथली पुस्तकं भर चौकात जाळली.

त्रिकोण कुठून आला?

१९३५ मध्ये नाझींनी हे कलम आणखी कडक केलं. त्यांच्या काळात सुमारे ५० हजार जणांना शिक्षा झाली. अंदाजे ५ ते १५ हजार पुरुषांना छळछावण्यांत डांबलं गेलं. तिथे कैद्याचा 'गुन्हा' कपड्यांवर शिवलेल्या त्रिकोणाच्या रंगावरून कळायचा. राजकीय कैद्यांना लाल, तर समलैंगिकांना गुलाबी.

युद्ध संपल्यावर सुटका झाली?

छावण्यांतून झाली, कायद्यातून नाही. पश्चिम जर्मनीत नाझींनी कडक केलेलं कलम १९६९ पर्यंत तसंच लागू होतं. आपल्यावर काय गुदरलं हे सांगायचं, तर आधी 'गुन्हा' कबूल करावा लागणार होता. म्हणून वाचलेले बहुतेक जण गप्प राहिले.

मग तो परत कसा आला?

१९७२ मध्ये एका कैद्याच्या आठवणी पुस्तकरूपात आल्या. पुढच्याच वर्षी पश्चिम बर्लिनमधल्या कार्यकर्त्यांनी हा त्रिकोण स्वतःहून छातीवर लावला. १९८७ मध्ये, एड्सच्या साथीच्या काळात, तो न्यूयॉर्कच्या भिंतींवर पोस्टरमधून झळकला. छावणीत त्याचं टोक खाली असायचं, इथे ते वर होतं. खाली मजकूर होता : गप्प राहणं म्हणजे मरण.

आणि झेंडा?

नाझींची खूण नको, स्वतःचं आनंदी चिन्ह हवं, या विचारातून गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठ पट्ट्यांचा झेंडा केला. पुढे पट्टे सहा झाले. सगळ्यात आधी गळाला तो गुलाबी, कारण त्या रंगाचं कापड पुरेसं मिळेना.

कलम १७५ पूर्णपणे रद्द झालं १९९४ मध्ये. नाझी काळातल्या शिक्षा रद्दबातल ठरायला २००२ उजाडलं, तर युद्धानंतरच्या शिक्षांना २०१७. तोवर तो त्रिकोण अंगावर वागवलेले बहुतेक जण हयात नव्हते.