सिग्नलची परतवाट

ज्याचे कर्ते केव्हाच अन्य उद्योगाला लागले, ज्याची कागदपत्रे गहाळ झाली आणि तरीही ज्याच्यावाचून एखाद्या गोदामाचा रोजचा व्यवहार अडतो, असा 1990च्या दशकातील 32 बिटी प्रोग्राम आजच्या 64 बिटी लिनक्स कर्नलवर चालवून देण्याचे काम आले, म्हणजे मी प्रथम सिग्नलांचा बंदोबस्त पाहतो. फाइल उघडण्याची रीत इतक्या वर्षांत फारशी पालटली नाही. परंतु चालू काम मध्येच थांबवून कर्नलने वर्दी द्यावी, प्रोग्रामने तिची दखल घ्यावी आणि काम जेथे सुटले तेथे पुन्हा रुजू व्हावे, या व्यवहाराचे नियम मात्र पुष्कळ बदलले. 1979च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये वर्दी पोचताच तिच्यासाठी नेमलेला हँडलर बरखास्त होई, आणि तो पुन्हा नेमण्यापूर्वीच तीच वर्दी आली तर प्रोग्राम प्राणास मुके. बर्कली युनिक्सच्या 4.2 आवृत्तीने 1983 साली हा दोष काढला. युनिक्सचे सिस्टिम फाइव्ह घराणे मात्र जुनाच शिरस्ता चालवीत राहिले.

वजनकाट्यावरून आकडा वाचणारा एक प्रोग्राम पाहा. तो पाच सेकंदांचा गजर लावून वाचायला बसतो. काटा गप्प राहिला तर गजराच्या सिग्नलने वाचन तुटावे आणि पुन्हा विचारणा करावी, अशी त्याची योजना. संहिता हाती आहे तर ती नव्याने कंपाइल करून घ्यावी, हा सुज्ञ वाटणारा सल्ला येथे घातक ठरतो. कारण 1997च्या ग्लिबसी 2 या सी लायब्ररीपासून ‘सिग्नल’ या फंक्शनने बर्कलीचा शिरस्ता पत्करला, त्यात तुटलेले वाचन कर्नल आपण होऊन पुन्हा सुरू करतो, आणि केबल निघालेली असली तर प्रोग्राम तसाच ताटकळत राहतो. उलट, जुन्या शिरस्त्याची लिबसी 5 ही लायब्ररी पोटात घेऊन आलेली मूळ बायनरी हात न लावता चालवली, तर ती बिनतक्रार चालते. 1999च्या 2.2 कर्नलने सिग्नलांसाठी नवे सिस्टिम कॉल दिले, पण जुन्यांचे क्रमांक काढून घेतले नाहीत. ही निष्ठा मला या कर्नलचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

सिस्टिम कॉलांची नोंद दाखवणारा एस-ट्रेस लावून हा प्रकार पाहण्यासारखा आहे. वाचनाच्या रीड या कॉलची ओळ अर्धवट राहते, खाली गजराची नोंद पडते, आणि व्यत्यय आल्याचा ‘ईआयएनटीआर’ हा शेरा रीडपुढे न उमटता सिगरिटर्नपुढे उमटतो. कारण हँडलर संपल्यावर सर्व रजिस्टरे, रीडच्या उत्तरासकट, पूर्ववत करण्याचा अधिकार त्या कॉलकडे असतो. जीडीबी या डिबगरने हँडलरमध्ये थांबून स्टॅक उलगडला, की तेथे परतवाटेचे आठ बाइट दिसतात, आणि त्यांत षोडशमानातील 77, म्हणजे सिगरिटर्नचा 119 हा क्रमांक. ते बाइट आता कोणी चालवीत नाही, परतीचा खरा मार्ग कर्नलने प्रोग्रामाच्या स्मृतीत जोडून दिलेल्या व्हीडीएसओमधून जातो. तथापि काही डिबगर त्याच खुणेवरून सिग्नलची चौकट ओळखतात, म्हणून कर्नल दर वर्दीस ते इमानाने लिहितो.

क्रमांक आणि अर्थ असे राखता येतात; आकारमान राखणे कर्नलच्या हाती नाही. हँडलर चालू होण्यापूर्वी प्रोसेसरची सारी स्थिती स्टॅकवर उतरवावी लागते. पूर्वी फ्लोटिंग पॉइंट गणिताची स्थिती 108 बाइटांत मावे. एव्हीएक्स-512 हा सूचनासंच असलेल्या प्रोसेसरवर ही विस्तारित नोंद 2688 बाइटांवर जाते, आणि कित्येक जुन्या प्रोग्रामांनी सिग्नलांच्या पर्यायी स्टॅकसाठी 2048 बाइट कायमचे कोरून ठेवलेले असतात. पूर्वी अशा वेळी शेजारची स्मृती निःशब्दपणे बिघडत असे. 2021च्या 5.14 कर्नलपासून स्टॅक उतू जात असल्याचे ओळखून प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवला जातो, हे निश्चितच बरे. नव्या संहितेसाठी किमान आकार कर्नललाच विचारण्याची तरतूदही त्याच आवृत्तीत झाली. बंद बायनरीला ती निरुपयोगी. तिच्यासाठी मी आभासी यंत्र उभे करतो आणि त्याला एव्हीएक्स-512पूर्वीच्या प्रोसेसरचे रूप देतो. मग नोंद 832 बाइटांवर येते आणि त्या 2048त सुखाने मावते.