तापमानाचा एकच आकडा पुरत नाही

टेफ्लॉन २६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. दहा बार दाबाची संपृक्त वाफ असते साधारण १८० अंशांची. मग वाफेच्या बॉल व्हॉल्व्हला साधी टेफ्लॉनची सीट का चालू नये? कारण २६० हा आकडा प्लास्टिक त्या उष्णतेत दीर्घकाळ खराब होणार नाही एवढंच सांगतो; भार किती पेलेल हे सांगत नाही. टेफ्लॉन सततच्या दाबाखाली खोलीच्या तापमानालाही हळूहळू पसरतं. गरम झालं की अधिकच. सीट चपटी होते आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. त्यात काचतंतू किंवा कार्बन मिसळला, की हे पसरणं कमी होतं.

म्हणून प्लास्टिक निवडताना पहिला प्रश्न ताठपणाचा. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९७८ मध्ये तयार झालेलं पीईईके हे प्लास्टिक ३४३ अंशांना वितळतं, पण १४३ अंशांच्या पुढे त्याचा ताठपणा झपाट्याने उतरतो. तीस टक्के कार्बन तंतू घातले, तर त्यापुढेही ते बराच भार पेलतं.

दुसरा प्रश्न: भाग कशात बुडालेला असेल? पॉलिअमाइड-इमाइड २७५ अंशांच्या आसपासही ताठ राहतं. कोरड्या, गरम बेअरिंगसाठी ते उत्तम. वाफेत मात्र पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. पीईईके वाफेत टिकतं, पण तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळतं. त्या आम्लाने टेफ्लॉनला काहीच होत नाही.

तिसरा प्रश्न घडणीचा. पीईईकेचा साचा १७० ते २०० अंश गरम ठेवावा लागतो. साचा थंड असेल, तर स्फटिक नीट बनत नाहीत आणि महागड्या मालातून कमकुवत भाग निघतो.

चौथा प्रश्न पैशाचा. पीईईके नायलॉनच्या अनेक पट महाग आहे. मोटारीच्या इंजिनाजवळचे कित्येक भाग काचतंतू घातलेल्या नायलॉन ६६ चे असतात आणि चांगले चालतात. त्याहून जास्त उष्णता आणि रसायनं असतील, तर २८० अंशांच्या आसपास वितळणारं पीपीएस हे प्लास्टिक आधी तपासावं. गरजेपेक्षा भारी प्लास्टिक निवडणं हीसुद्धा चूकच.

त्यामुळे विक्रेत्याला फोन करण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: भार किती, तापमान किती आणि किती तास, संपर्क कशाशी, झीज किती चालेल. मग त्याच्याकडे कमाल तापमान विचारू नका; वाढत्या तापमानाबरोबर ताठपणा कसा उतरतो, तो आलेख मागा. तो आलेख न पाहता ऑर्डर देऊ नका.