गाहिनीची पापकबुली

रवांडाच्या पूर्व भागात मुहाझी सरोवराच्या काठी गाहिनी नावाची टेकडी आहे. तिथल्या मिशनच्या रुग्णालयात १९२८ मध्ये जो चर्च (आडनावच चर्च!) हे केंब्रिजला शिकलेले तरुण इंग्रज डॉक्टर रुजू झाले. ते आले तेच दुष्काळात. माणसे उपासमारीने मरत होती, मदतीला हात अपुरे होते आणि त्यात आफ्रिकी कर्मचारी व गोरे मिशनरी यांच्यात सतत धुसफूस. वर्षभरात डॉक्टर मनाने पार खचले. सप्टेंबर १९२९ मध्ये विसाव्यासाठी ते युगांडातील कंपालाला गेले. तिथे नामिरेंबे टेकडीवरच्या कॅथेड्रलपाशी त्यांची गाठ सिमेओनी न्सिबांबी यांच्याशी पडली. न्सिबांबी हे बुगांडा राज्याच्या आरोग्य खात्यात काम केलेले, भाविक गृहस्थ. दोघेही एकाच गोष्टीने अस्वस्थ होते: चर्च भरलेले होते, पण माणसे बदलत नव्हती. दोन दिवस ते बायबल उघडून बसले, एकत्र प्रार्थना केली. पूर्व आफ्रिकेतील ख्रिस्ती संजीवनाची सुरुवात बहुतेक अभ्यासक या भेटीपासून धरतात.

रवांडावर तेव्हा बेल्जियमची सत्ता होती, युगांडावर ब्रिटिशांची. गोऱ्या माणसाने शिकवायचे आणि काळ्याने शिकायचे, ही चर्चमधलीही रीत. अशा काळात एका इंग्रज डॉक्टरने आपले रितेपण एका आफ्रिकी माणसापुढे कबूल करावे आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकावेत, हे मला पुढच्या सगळ्या घडामोडींपेक्षा थक्क करणारे वाटते.

योसिया किनुका यांची हकिकतही याच जातीची. ते गाहिनीच्या रुग्णालयातले प्रमुख आफ्रिकी सहायक. डॉक्टरांवर नाराज, नोकरी सोडण्याच्या बेतात. डॉक्टरांनी त्यांना कंपालाला न्सिबांबींकडे पाठवले. रुग्णालयात काय काय बिघडले आहे याचा पाढा किनुकांनी वाचला. न्सिबांबींनी तो ऐकून घेतला आणि दोष किनुकांच्या स्वतःच्या मनातच दाखवला. असे बोलणे कोणाला रुचते? पण परतीच्या वाटेवर किनुका आतून हलले. गाहिनीला पोचले ते डॉक्टरांची क्षमा मागायला. पुढे ते पाळक झाले आणि ज्या डॉक्टरांशी पटत नव्हते त्यांच्याच बरोबर गावोगाव साक्ष देत फिरले.

१९३३ च्या डिसेंबरअखेर गाहिनीत एक मेळावा भरला. सांगता होण्याच्या सुमारास एक जण उठला आणि त्याने सर्वांसमक्ष आपले पाप कबूल केले. मग दुसरा, मग तिसरा. हा ओघ सुमारे अडीच तास चालला. न्सिबांबींचे धाकटे बंधू ब्लासियो किगोझी गाहिनीतच शिक्षक-प्रचारक होते. जानेवारी १९३६ मध्ये ते तापाने अकाली गेले. चर्चने जागे व्हावे ही त्यांची हाक मात्र त्या वर्षी युगांडाभर घुमली. चळवळीतल्या लोकांना ‘बालोकोले’, म्हणजे तारण पावलेले, हे नाव पडले. रवांडा, युगांडा, बुरुंडी, केनिया, टांगानिका असा तिचा पसारा वाढला.

यात काय होत होते? रोमन कॅथलिक परंपरेत पापकबुली धर्मगुरूच्या कानात होते आणि ती गुप्त राहते. बालोकोले मंडळी आठवड्याच्या संगतीत एकमेकांसमोर बोलत आणि मोघम बोलत नसत. ‘मी पापी आहे’ एवढ्यावर भागत नसे. कोणाची वस्तू चोरली, कोणाचा द्वेष केला, कोणाला फसवले हे नाव घेऊन सांगायचे, मग त्या माणसाकडे जाऊन भरपाई करायची. चोरलेले सामान रुग्णालयात आणि साहेबांच्या कचेरीत परत येऊ लागले तेव्हा अधिकारी गोंधळले. याला ही मंडळी ‘प्रकाशात चालणे’ म्हणत. आधार बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा. आणि त्यांच्या लेखी कबुली ही कृपेची किंमत नव्हती. क्षमा क्रूसावर आधीच मिळालेली आहे, आपण चांगुलपणाचे सोंग उतरवले की ती हाती येते, अशी त्यांची समजूत होती. म्हणून कबुलीनंतर रडे थांबे आणि ‘तुकुतेंदेरेझा येसू’ हे लुगांडा भाषेतले स्तुतिगीत सुरू होई.

सगळेच गोड नव्हते. स्वतःचे पाप सांगता सांगता काही जण दुसऱ्याचे सांगू लागले. नम्रतेचाही ताठा चढतो. १९४१ मध्ये युगांडातील मुकोनोच्या धर्मशिक्षण महाविद्यालयातून विल्यम नागेंडा यांच्यासह २६ विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. पहाटे मोठ्याने प्रार्थना व उपदेश करू नका ही प्राचार्यांची आज्ञा त्यांनी मोडली होती. तरीही बालोकोलेंनी वेगळा पंथ काढला नाही, ते चर्चमध्येच राहिले. केनियात १९५० च्या दशकातल्या, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या काळात चळवळीतल्या अनेक किकुयू ख्रिस्ती लोकांनी बंडाची शपथही नाकारली आणि सरकारची बंदूकही, त्यासाठी काहींनी जीव दिला. युगांडात इदी अमीनच्या राजवटीत आर्चबिशप जनानी लुवूम १९७७ मध्ये मारले गेले. त्यांचे सहकारी बिशप फेस्टो किवेंगेरे यांनी देश सोडला आणि अमीनला क्षमा करणारे पुस्तक लिहिले. दोघेही याच संजीवनातून घडलेले.

मग १९९४ चे काय? ज्या रवांडातून हे सारे निघाले तिथेच हुतू शेजाऱ्यांनी तुत्सी शेजाऱ्यांची कत्तल केली. मरणाऱ्यांत ख्रिस्ती होते, मारणाऱ्यांतही. सॅम्युएल मुसाब्यिमाना या अँग्लिकन बिशपवर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहाराचे आरोप ठेवले. निकालाआधीच ते कोठडीत वारले. उलट या कत्तलीच्या तीस वर्षे आधी, १९६४ मध्ये, न्यामाटाचे पाळक योना कानामुझेयी निर्वासित तुत्सींची सेवा करत असताना सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले होते. माझ्या मते, चोरी, दारू आणि मत्सर यांची कबुली या चळवळीने पुरती शिकवली, पण हुतू-तुत्सी द्वेष आणि सत्तेशी चर्चची जवळीक ही सर्वांनी मिळून केलेली पापे आहेत, हे तिला पुरेसे उच्चारता आले नाही.

वंशसंहाराच्या खटल्यांसाठी नंतर रवांडा सरकारने गावपातळीवरच्या ‘गचाचा’ न्यायालयांत पुन्हा कबुलीचाच आधार घेतला. अपराध सांगून क्षमा मागणाऱ्याची शिक्षा कमी होई. त्यामुळे कोण मनापासून बोलतो आणि कोण वर्षे वाचवण्यासाठी, हा संशय शेवटपर्यंत राहिला. गाहिनीतल्या कबुलीने कोणाची शिक्षा घटत नव्हती, उलट चोरलेले परत करावे लागत होते. दोन्हींत मोठा फरक आहे तो हाच. गचाचा न्यायालये २०१२ मध्ये बंद झाली, तोवर त्यांनी सुमारे १९ लाख खटले निकाली काढले होते.