१७८० सालचा थेलर, मुंबईत पाडलेला

जुनी चांदी समोर आली की गलाईवाला आधी तिचा टंच, म्हणजे शुद्धता, बघतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीची आणि साताऱ्याच्या खटाव-माणची ही माणसं दुष्काळापायी गाव सोडून देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. मोड मुशीत वितळवायची आणि शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्या हिशेबात मारिया थेरेसा थेलर हे चांदीचं जुनं नाणं म्हणजे २८ ग्रॅम वजन, टंच ८३.३, हाती येणार २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी. हिशेब चोख आहे. तरी हे नाणं दिसलं तर मूस थांबवावी, असं मला मनापासून वाटतं.

ज्या राणीच्या नावाचं हे नाणं, ती ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा १७८० साली वारली. पण अरबस्तान आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांचा तिच्या मुद्रेवर असा विश्वास बसला होता, की नंतर कधीही नाणं पाडलं तरी त्यावर साल १७८०च राहिलं. डोक्यावरून विधवेचं वस्त्र घेतलेली राणी, खांद्यावर मणी जडवलेली पिन, मागे दोन डोक्यांचा गरुड. काठावर ‘न्याय आणि दया’ या अर्थाची लॅटिन अक्षरं उठवलेली. त्यामुळे कडेची चांदी कोणी तासली तर लगेच उघडकीला येई.

१९३५ मध्ये इथिओपियावर चाल करताना मुसोलिनीने हे नाणं पाडण्याचा हक्क व्हिएन्नाकडून मिळवला. मग इंग्रजांनीही ते पाडायला घेतलं. पूर्व आफ्रिकेत इटलीशी लढाई जुंपली, तेव्हा १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतून सुमारे १ कोटी ८८ लाख थेलर निघाले. त्याच १९४० साली आपल्या रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली गेली. इथल्या शेतकऱ्याच्या हाती निम्म्या चांदीचा रुपया पडला, आणि परमुलखासाठी पाडलेल्या थेलरचा टंच मात्र तसूभरही घटला नाही! तिकडचा माणूस दुसरं नाणं घेतच नव्हता.

संग्राहक खरी किंमत मोजतो ती राणीच्या हयातीतल्या, जुन्या सालांच्या थेलरला. १७८०चे नंतर पाडलेले थेलर उदंड आहेत. त्यातले बरेचसे चांदीच्या भावाच्या आसपासच विकले जातात. कुठला कोणत्या टांकसाळीचा, हे पिनेचे मणी, गरुडाची पिसं आणि काठाची नक्षी भिंगाखाली धरून ठरवतात. चिंच-मीठ लावून घासलेल्या नाण्यावर या खुणा पुसट होतात आणि भाव पडतो. डाख देऊन कडी बसवली असेल, तर तो आणखी उतरतो.