मेंदूची वेस
मज्जासंस्थेची राखण म्हटली की कवटी, मणके, तीन आवरणे आणि त्यांमधला द्रव आठवतो. मला अधिक विलक्षण वाटते ती रक्तातली वेस. १८८५मध्ये पाउल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बहुतेक अवयव रंगले, मेंदू व मज्जारज्जू कोरे राहिले. मेंदू रंग धरतच नसावा, असे त्यांना वाटले. १९१३मध्ये त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवातच सोडला. मेंदू रंगला, बाकी शरीर कोरे! म्हणजे मध्ये भिंत होती: केशवाहिन्यांच्या घट्ट सांधलेल्या पेशींची.

ती विष अडवते, तसे औषधही. कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडते. रक्तातून दिलेले आत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. ते वेस ओलांडते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. राखण चोख असली, की उपचारालाही वाट शोधावी लागते.