एक गाणं, चार चाली: मोटेट म्हणजे काय?

ठाण्यात तलावपाळीवर तुम्ही फिरला असालच. तिथंच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळापासूनचं. १५३४ मध्ये वसईचा पट्टा पोर्तुगीजांकडे गेला. मराठ्यांनी ठाणं १७३७ ला आणि वसई १७३९ ला परत घेतली. या काळाच्या सुरुवातीला युरोपातल्या कॅथलिक चर्चमध्ये एक गायनप्रकार ऐन भरात होता. त्याचं नाव मोटेट.

आता बघा, लोकलच्या डब्यातलं भजन आठवा. बुवा एक ओळ म्हणतात, बाकीचे तीच चाल मागून म्हणतात. मोटेटमध्ये असं नसतं. शब्द लॅटिन आणि धार्मिक, पण प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल. एक सुरू होतो, दुसरा थोड्या वेळाने तसाच शिरतो, मग तिसरा, चौथा. मुख्य गायक कुणीच नाही, आणि तरी सगळं जुळतं.

उदाहरण घेऊ. पॅलेस्ट्रिना हा इटालियन संगीतकार १५९४ मध्ये वारला. त्याचं ‘सिकुट चेर्वुस’ यूट्यूबवर सहज मिळतं. शब्द बायबलमधल्या ४२व्या स्तोत्राचे: हरीण पाण्यासाठी तळमळतं, तसा माझा जीव देवासाठी. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या विधीशी हे शब्द जोडलेले आहेत. आणि आपलं तलावाकाठचं चर्चही बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्याच नावाचं!

पण एक भानगड आहे. चार जण वेगवेगळ्या वेळी गायले की शब्द कळणार कसे? ट्रेंट इथल्या धर्मसभेतही (१५४५ ते १५६३) हा वाद निघाला. शब्द ऐकू येतील असं गा, असा आग्रह होता. पॅलेस्ट्रिनाने एक मिस्सा रचून हे संगीत वाचवलं, असं सांगतात. ती मात्र दंतकथा.

पुढे १९६३ मध्ये व्हॅटिकनने लोकभाषेला परवानगी दिली. आपल्याकडे मराठीत मिस्सा होऊ लागली. लोकांना प्रार्थना समजू लागली, हा फायदा मोठाच. बहुस्वरी गायनावर बंदी आली नाही, पण लॅटिन मागे पडलं. गोव्यात मात्र ईस्टरआधीच्या उपवासकाळात लॅटिन मोटेट आजही ऐकू येतात. ते गोव्याच्याच संगीतकारांचे, नंतरच्या काळातले, व्हायोलिनच्या साथीचे.

म्हणजे प्रश्न तोच: कळणं महत्त्वाचं की भिडणं? उत्तर स्वतः शोधा. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना इअरफोन लावा. ‘सिकुट चेर्वुस’ दोनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा पहिला शिरणारा आवाज, म्हणजे टेनर, पकडून ठेवा. तो गर्दीत हरवतो आणि पुन्हा सापडतो. तो सापडला की मोटेट कळलं समजा.

भेटू पुढच्या भागात!